जागेला विचारलं तेव्हा

माझ्या लहानपणी आमचं घर दर वर्षी पावसाच्या तोंडावर गुंडाळलं जायचं. गुंडाळलं म्हणजे खरंच गुंडाळलं. डहाणूच्या खाडीजवळ मासळी सुकवायच्या वाळूवर आजीचं खोपटं असायचं. चार बांबू, वर ताडाच्या झावळ्या आणि दाराच्या जागी होडीच्या जुन्या शिडाचा तुकडा. दिवाळीनंतर ते उभं राहायचं. वैशाख सरत आला की आजी झावळ्या सोडायची, बांबू कुणाच्या तरी परसात ठेवायला द्यायची, शिडाची वळकटी करून माझ्या डोक्यावर द्यायची, आणि आम्ही पावसाळा काढायला कुणाच्या तरी पडवीत जायचो.

ही आजी माझ्या आईची आई. मी दोन वर्षांची असताना आई वारली. वडील उंबरगावकडच्या एका होडीवर कामाला गेले आणि तिकडेच दुसरा संसार करून राहिले. त्यांचा मला राग आल्याचं आठवत नाही, कारण त्यांचा चेहराच आठवत नव्हता. मला आई, वडील, घर, दार सगळं आजीच होती. बुटकी, काळीसावळी, चालताना जरा पुढे झुकलेली. बाजारात तिचा आवाज चार वाटांवर ऐकू जायचा, पण पाहुण्यांच्या पडवीत शिरली की ती इतकं हळू बोलायची, की मला वाटायचं हिचा आवाजपण त्या परसातल्या बांबूंबरोबर ठेवायला दिलाय.

मी नऊ वर्षांची होईपर्यंत आमच्या सहा पडव्या झाल्या होत्या. वाणगावला आजीची नणंद होती, तिच्या पडवीत दोन पावसाळे. तिथे आगगाडीचा आवाज यायचा आणि तो मला फार आवडायचा, पण नणंदेचा आवाज त्याच्याहून मोठा. ती आल्यागेल्याला सांगायची, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमच्या वहिनीचं टोपलीत." लोक हसायचे. आजीपण हसायची. एक पावसाळा रानशेतला, गोठ्यावरच्या माळ्यावर काढला. तो मात्र मजेचा होता. खाली म्हैस रवंथ करायची आणि तिची ऊब फळ्यांतून वर यायची.

मला भिंत हवी होती. मोठी नको, पण आपली. रानशेतला एकदा मी माझा परकर टांगायला गोठ्याच्या खांबावर खिळा ठोकला, तर घरातली म्हातारी धावत आली आणि तिनं तो उपटून काढला. म्हैस मोकळी सुटली असती तर डोळ्यात गेला असता, असं ती म्हणाली, आणि तिचं खरंही होतं. पण त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की घर म्हणजे जिथे खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागत नाही ते. शाळेचंही तसंच. पहिल्या तीन इयत्ता मी तीन शाळांत केल्या. नाव घालायचं, नाव काढायचं. मी आधीच बुजरी. गुरुजींनी नाव विचारलं तरी मान खाली जायची. जरा बोलायचा धीर यावा तोवर शाळा बदलायची.

आजीचा धंदा सुक्या मासळीचा. खाडीवर बोंबील, सुकट, मांदेली सुकवायची आणि टोपली भरून आतल्या गावांत न्यायची. तलासरीपर्यंत मोटारीनं, कधी एखाद्या ट्रकवाल्याच्या मेहेरबानीनं, आणि तिथून पायी. सुट्टी असली की मी बरोबर. तिकडे पैसे कमीच दिसायचे. बाया पदराखालून सुपात तांदूळ आणायच्या, आजी मापानं सुकट द्यायची. मिळतील ते तांदूळ एका पिशवीत घालून ती पिशवी टोपलीच्या तळाशी, वर पुन्हा सुकट. घरी आल्यावर तोच भात आम्ही खायचो. त्याला कसला वास येतो असं मला कधी वाटलंच नाही. आमच्या नाकाला तो वास म्हणजे वास नव्हता, हवा होती.

सगळ्यांत लांबचा फेरा उधव्याकडचा. उधव्याच्या अलीकडे उजव्या हाताला एक पाडा होता, दहाबारा घरांचा, कारवीच्या काठ्यांचे आणि शेणमातीनं लिंपलेले कुड, बाहेर साग आणि आंबे. त्या पाड्यातल्या एका घरी आम्ही दर फेऱ्याला मुक्कामाला थांबायचो. तिकडे म्हाताऱ्याला डोकरा म्हणतात आणि म्हातारीला डोकरी, त्यात कमीपणा काही नाही. या घरचा डोकरा पाड्यातला जाणता. घर बांधायचं, लग्न धरायचं, बैल घ्यायचा, सगळं त्याला विचारून. डोकरी आजीची वीस वर्षांची गिऱ्हाईक आणि गिऱ्हाइकाहून जास्त काहीतरी. दोघी एकमेकींना बाय म्हणायच्या. आजीला तिथे पडवीतला आवाज काढावा लागत नसे. डोकरीशी ती बाजारातल्यासारखी मोठ्यानं भांडायची, सुकटीच्या मापावरून, मिठावरून, कशावरूनही.

त्या घराची एक करडी मांजर होती. आम्ही पाड्याच्या कडेला पोचायच्या आत तिला कळायचं. शेपूट उभी करून ती टोपलीमागून घरापर्यंत यायची. डोकरी म्हणायची, "आमच्या घरात तुमची वाट बघणारं खरं माणूस हेच."

मी ज्याच्याबद्दल लिहायला बसले ते माझ्या नवव्या वर्षीच्या वैशाखात झालं. मी तिसरी पास होऊन बसले होते. आजी म्हणाली होती की हा शेवटचा फेरा, परत गेल्यावर खोपटं उतरवायचं आणि वाणगावला जायचं. वाणगाव म्हटल्याबरोबर माझा चेहरा पडला होता. दुपारी डोकरी मला पुढ्यात बसवून माझ्या डोक्यातल्या उवा बघत होती. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, म्हणूनच धीर झाला असावा. मी हळूच विचारलं, आम्ही पावसात इथेच राहिलो तर चालेल का. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. ती एवढंच म्हणाली की उवा फार झाल्यात, पाऊसभर इथे राहशील तर सगळ्या काढीन.

एवढ्यावर मी बाकीची दुपार मान जराही न हलवता बसले.

संध्याकाळी डोकरीनं सगळ्यांसमोर विषय काढला. खळ्याच्या पलीकडे त्यांची थोडी उंचवट्याची जागा रिकामी पडली होती, तिथे भात पिकत नव्हतं. तिथे घर बांधा म्हणाली. पडवी नाही, घर. कारवी रानातली, माती इथली, हात पाड्याचे. आजीनं आधी माझ्याकडे बघितलं. तिला लगेच कळलं हे कुठून आलं ते.

"मागून घर मिळतं का गो?" ती मला म्हणाली. "लोकांच्या जिवावर?"

"पोरीनं मागितलं नाय, मी विचारते," डोकरी म्हणाली. "आणि तुझ्यावर उपकार नाय करत. पावसात चार महिने आम्ही नुसता भात आणि मीठ खातो. तू इथं राहिलीस की सुकट घरात आली. माझाच फायदा हाय."

"म्हणजे मी सुकटीची टोपली."

"टोपलीला घर कशाला बांधून देऊ? टोपली पडवीत पण राहते."

मी तिला बोलण्यात हरलेली पहिल्यांदा पाहिली. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पाय आखडलेत म्हणाली आणि खळ्यापलीकडे फिरायला गेली. मी कुडाच्या फटीतून बघत होते. आजी त्या उंचवट्यावर उगाच फिरतेय असं दाखवत होती, पण तिची पावलं एकाला एक लागून पडत होती. टाच, मग बोटं, मग टाच. इकडून तिकडे, मग आडवी. ओठ हलत होते. ती मोजत होती. मला तिथून ओरडावंसं वाटलं, पण मी परकराचा घोळ तोंडात कोंबला.

डोकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं की आपलं हो झालं, आता जागेला विचारायला पाहिजे.

त्यांच्यात अशी रीत होती. घर कुठेही मनात येईल तिथे उभं करायचं नाही. जिथे बांधायचं तिथे सूर्य बुडताना पाच ठिकाणी तांदळाच्या छोट्या ढिगल्या ठेवायच्या, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. प्रत्येकीवर सागाच्या पानाचा द्रोण पालथा. सकाळी उजाडताना उघडून बघायचं. ढिगल्या जशाच्या तशा असल्या तर जागा हो म्हणते. तांदूळ पसरले, कमी झाले, तर जागा नाही म्हणते, आणि मग तिथे कुणी घर बांधत नाही, कितीही सोयीची जागा असो. आणि तांदूळ ज्याचं घर त्याच्याच हातचे आणि त्याचेच पाहिजेत.

आमच्या समुद्राकडे असं काही नव्हतं. आजी मला कानात म्हणाली की त्यांच्या जागेत राहायचं तर त्यांच्या जागेचं ऐकायला पाहिजे. मग तिनं टोपलीच्या तळातून पिशवी काढली, वरची सुकट झटकली आणि पाच मुठी तांदूळ सुपात घेतले. मी द्रोण लावले. काड्या मोडून टोचल्या. सूर्य सागांमागे गेला तेव्हा आजीनं एकेक ढिगली ठेवली, बोटांनी तिचं टोक नीट केलं आणि वर द्रोण पालथा घातला. पाड्यातली बरीच माणसं बघायला आली होती. मधली ढिगली ठेवताना आजी जरा जास्त वेळ वाकून राहिली.

मी सगळ्यांच्या आधी उठले. डोकऱ्याच्या आधी जायचं नाही असं बजावलं होतं, म्हणून ओट्यावर उभी राहून टाचा उंच करून बघत होते. उजेड नीट आलेला नव्हता. तरी मला एक द्रोण उताणा पडलेला दिसला. मग दुसरा. मी डोळे चोळले.

डोकरा आला, आजी आली, डोकरी आली. पाचांतले तीन द्रोण उलटे होते. दोन ढिगल्या पार विस्कटलेल्या, एक तर जवळजवळ नाहीच, माती ओली दिसत होती. डोकऱ्यानं उकिडवं बसून एकेक ढिगली बघितली. मग उठला आणि आजीकडे न बघता म्हणाला की जागा नाही म्हणते.

आजीनं मान हलवली. डोकरी काही बोलणार होती, डोकऱ्यानं हात केला. आजी घरात गेली, लुगड्याचा तुकडा गुंडाळून डोक्यावरची चुंबळ केली आणि टोपली उचलायला हात मागितला. उन्हं व्हायच्या आत तलासरीची वाट धरू म्हणाली. तिचा आवाज एकदम वाणगावच्या पडवीतला झाला होता.

मी मात्र दुसरंच काहीतरी बघत होते. करडी मांजर त्या उंचवट्यावर आली होती. तिनं एक उताणा द्रोण हुंगला, जीभ काढून चाटला, मग पुढे होऊन ओली माती चाटली, आणि मान वर करून आजीच्या टोपलीकडे बघितलं. मांजर कोरडे तांदूळ खात नाही. डोकरीच्या घरी तांदळाचं सूप उघडं पडलेलं असायचं, मांजर त्याच्यावरून उडी मारून जायची. मी धावत टोपलीपाशी गेले, पिशवी काढली, त्यात नाक खुपसलं. मला काहीच वास आला नाही. आला असता तरी कळला नसता. पण मला कळलं होतं.

मी आजीला सांगितलं. आम्ही तेव्हा पाड्याबाहेर बांधापर्यंत आलो होतो. ती चालता चालता ऐकत होती.

"असेल," ती म्हणाली. "पण लोकांच्या अंगणात उभं राहून वाद घालायचा नसतो. त्यांची रीत हाय. तुमची रीत चुकली म्हणून सांगायचं का आपण?"

"रीत नाय चुकली. आपले तांदूळ चुकले."

आजी थांबली. डोक्यावर टोपली असली की तिला मान वळवता येत नसे, सगळीच वळायची. ती पुरी वळली आणि माझ्याकडे बघत राहिली. पुढे चालली नाही.

तांदळाची पिशवी माझ्याच काखेत राहिली होती, ती घेऊन मी मागे पळाले. मी कुणासमोर न बोलणारी पोर, शाळेत हजेरीला हो म्हणायलासुद्धा शेजारच्या मुलीनं ढोसावं लागायचं. बांधावरून, खळ्यावरून, माणसांमधून पळत गेले. माझा परकर काट्यात अडकून फाटला तो आवाजही मला ऐकू आला. डोकरा ओट्यावर चिलीम भरत बसला होता, भोवती चारपाच माणसं. मी त्याच्यासमोर उभी राहिले, आणि जे सगळं बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक अक्षर तोंडात येईना. मग मी पिशवीचं तोंड उघडून सरळ त्याच्या नाकाला लावलं.

"बाबा, वास घ्या."

त्यानं घेतला. मागे सरकला, शिंकला, आणि पुन्हा घेतला. मग शेजारच्याला दिली. ती पिशवी एकाच्या नाकाकडून दुसऱ्याच्या नाकाकडे गेली. डोकरा खोकायला लागला. मला वाटलं त्याला काहीतरी झालं. तो हसत होता. हसता हसता त्यानं गुडघ्यावर हात आपटला.

"जागा कुठं नाही म्हणाली?" तो म्हणाला. "मांजर हो म्हणाली."

सगळा ओटा हसला. डोकरी आतून पळत आली, तिला सांगितलं, ती दारातच बसून हसली. आणि मी रडत होते, कारण मला कळेना हे हसणं आमच्या बाजूचं आहे की नाही. डोकऱ्यानं मला जवळ घेऊन सांगितलं, जा, आजीला घेऊन ये, जागेला अजून नीट विचारलंच नाही. एवढ्या जोरात मी आयुष्यात पळाले नसेन. आजी बांधावर तशीच उभी होती, टोपली डोक्यावर, जशी सोडून गेले होते तशी.

पण नवी अडचण निघाली. तांदूळ आमचेच हवेत आणि आमचे सगळे तांदूळ सुकटीत मुरलेले. डोकरी म्हणाली मी देते मूठभर. डोकरा नाही म्हणाला, उसन्या तांदळांनी विचारलं तर जागा उसनी होते. कुणीतरी म्हणालं धुऊन घ्या, पण ओल्याला मुंग्या लागतात. शेवटी डोकरीनंच वाट काढली. तिचं भात कांडायचं पडलं होतं. आजीनं आणि मी ते कांडायचं, आणि कांडणावळ म्हणून तांदूळ घ्यायचे. घामाचे म्हणजे आमचेच. डोकऱ्यानं यावर बराच विचार केल्यासारखं केलं आणि चालेल म्हणाला.

तो दिवस माझ्या अजून अंगात आहे. आधी डोकरीनं आम्हा दोघींना ओढ्यावर नेलं. एप्रिलपासून आटत आलेला ओढा, डोहात कमरेएवढंच पाणी. तिनं आम्हाला राखेनं घासलं, लिंबाची पानं चुरगळून घासलं, आजीचे हात तर दगडानं घासले. आजी ओरडत होती की मी काय भांडं आहे का. डोकरी तिच्या बोटांचा वास घ्यायची आणि म्हणायची, "अजून बोंबील हाय." पुन्हा घासायची. शेवटी डोकरीनं हात टेकले. म्हणाली बाय, तुझ्या आत मासळी हाय, ती काय निघायची नाय. मग तिनं आपली जुनी लुगडी आम्हाला नेसायला दिली. माझं लुगडं तीन फेरे गुंडाळूनही पायात येत होतं.

मग कांडण. उखळाच्या एका बाजूला आजी, एका बाजूला मी. मुसळ माझ्याहून उंच. तिचं वर, माझं खाली, माझं वर, तिचं खाली. पहिल्यांदा ताल जमेना, मुसळावर मुसळ आपटलं. मग जमला. आजी एरवी कामाच्या वेळी गुणगुणायचीसुद्धा नाही. त्या दिवशी ती मुसळाबरोबर हुंकार द्यायला लागली, हं, हं, आणि मीपण. दुपारपर्यंत माझ्या तळहाताला फोड आले. मी ते आजीला दाखवले नाहीत, नाहीतर तिनं मला बसवलं असतं आणि मग ते तांदूळ तिचे एकटीचे झाले असते. मला ते दोघींचे हवे होते.

संध्याकाळी मी डोकऱ्याला विचारलं की आजच्यापुरती मांजर डालग्याखाली कोंडू का. तो म्हणाला, "मांजर कोंडली, मुंग्या झाडल्या, कोंबड्या हाकलल्या, मग जागेला विचारलं काय? आपणच आपल्याला विचारलं."

आजी ऐकत होती. तिनं विचारलं की कोंडायचं नाही, पण जेवायला घालायला बंदी आहे का. डोकऱ्यानं डोकं खाजवलं. पाहुणचाराला बंदी कशी असेल, म्हणाला. तेव्हा माझ्या आजीनं, जी सुकटीच्या मापावर बोट ठेवून देणारी, तिनं टोपलीतले सगळ्यांत मोठे बोंबील निवडून काढले, दोन काड्यांच्या चिमट्यात धरून, कारण घासलेल्या हातांना पुन्हा वास लागला असता, आणि घराच्या दुसऱ्या टोकाला मांजरीपुढे रास घातली. मांजर आधी विश्वासच ठेवीना. मग खात राहिली. शेवटी तिथेच आडवी झाली. तिचं पोट बघून पाड्यातल्या बाया लोटपोट झाल्या.

द्रोण या वेळी डोकरीनं लावले, आणि ढिगल्या मी आणि आजीनं मिळून ठेवल्या.

सकाळी पुन्हा सगळे. या वेळी तर शेजारच्या पाड्यातूनही कुणी आलं होतं, मांजरीची गोष्ट पसरली होती. द्रोण पाचही पालथेच दिसत होते. डोकऱ्यानं पहिला उचलला. ढिगली टोकासकट उभी. दुसरा, तशीच. मधली, तशीच, वर आजीच्या बोटाचा दाब होता तोही तसाच. चौथी. मी आजीचा हात धरला होता, तो आवळत चालला होता. पाचवा द्रोण उचलला आणि डोकरा खाली वाकला.

लाल मुंग्यांची एक रांग ढिगलीतून आंब्याकडे निघाली होती. फार नाही, दहापंधरा दाणे कमी झाले असतील. पण रांग होती, आणि प्रत्येक मुंगीच्या डोक्यावर पांढरा दाणा.

मांजरीवर हसता आलं होतं, मुंग्यांवर काय हसणार. तांदूळ स्वच्छ होते, आमचे होते, घामाचे होते. आता पळायला कुठे जागा नव्हती. मी फक्त डोकऱ्याच्या तोंडाकडे बघत होते. तो मुंग्यांच्या रांगेबरोबर आंब्यापर्यंत गेला, खोडाशी त्यांचं वारूळ होतं ते बघितलं, परत आला, कोपऱ्यापासून दोन पावलं आत येऊन उभा राहिला आणि टाचेनं मातीत एक तिरपी रेघ ओढली.

"एवढा कोपरा मुंग्यांचा," तो म्हणाला. "त्या आधीच्या राहणाऱ्या. त्यांचं त्यांना सोडा. बाकी जागा हो म्हणते."

एक कोपरा कापलेलं घर मी तोवर बघितलं नव्हतं, नंतरही दुसरं बघितलं नाही. पण तेव्हा मला ते सगळ्या जगातलं चांगलं घर वाटलं. मी उड्या मारत होते, डोकरीच्या लुगड्यात पाय अडकून पडत होते आणि पुन्हा उड्या मारत होते. डोकरी आजीला म्हणाली चल घरात, चहा टाकते. आजी कुठे दिसेना. ती खाली बसली होती. त्या उंचवट्याच्या मधोमध, मांडी घालून, उघड्या मातीवर.

डोकरीनं हात पुढे केला. आजीनं तो धरला नाही.

"आता मला उठवू नका," ती म्हणाली. आवाज बाजारातला होता.

खरंच उठली नाही. चहा तिथे आणून द्यावा लागला. ऊन चढलं तर पदर डोक्यावर घेऊन बसली. आमच्या पाड्यातली माणसं, म्हणजे तेव्हापासून मी त्यांना आमची म्हणायला लागले, खुंट्या आणि सुतळी घेऊन आली. मापं घ्यायला आजीला उठ म्हणाली. ती म्हणाली माझ्याभोवती घ्या. मग त्यांनी तिच्याभोवती घेतली. एक खुंटी, दुसरी, तिसरी, मुंग्यांच्या कोपऱ्यात तिरप्या रेघेच्या दोन टोकांना दोन, आणि समोर दारापुरती जागा सोडून आणखी दोन. गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतळी ताणली. आजी प्रत्येक खुंटीच्या वेळी सांगत होती, जरा बाहेर घे, अजून वीतभर, चुलीला जागा लागते. सुतळी धरणारा कुरकुरायला लागला तर म्हणाली की बाबा, वीस वर्षं मोजतेय, मला शिकवू नको. एवढ्या वर्षांत मला ती घराबद्दल एक शब्द बोलली नव्हती.

मला राहवेना. मी पळत गेले आणि सुतळीवरून उडी मारून तिच्या मांडीत पडायला निघाले. तिनं हात उगारला.

"भिंतीवरून येतात का गो कुणी?" ती म्हणाली. "दारातून ये."

मी थबकले. सुतळी धरणारी माणसं हसली नाहीत. एकानं समोरच्या बाजूला दोन खुंट्यांमधली मोकळी जागा हातानं दाखवली. मी वळले, सुतळीच्या कडेकडेनं सगळं घर फिरून पुढच्या बाजूला गेले, डोकरीचं लुगडं नीट वर खोचलं, आणि दारातून आत आले.